शंभरातले एक्केचाळीस

६ जून

आजपासून मी बाईंच्या हाताखाली. हे वाक्य लिहायला पंधरा वर्षं लागली.

बीज-संग्रहाची इमारत बाहेरून जुन्या पोस्ट ऑफिससारखी दिसते. आत लांबच लांब ओटा, त्यावर काचेच्या बशा आणि ओल्या कागदाचा वास. बाई मागच्या दाराने आल्या. हातात छत्री, डोळ्यांवर एक चष्मा, डोक्यावर दुसरा. जगभरच्या बीज-कोठारांत ज्यांचा तक्ता भिंतीवर टांगलेला असतो, त्या बाई! माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू नवी ना? बस. चहा इथे कोणी आणून देत नाही, आपला आपण करायचा."

मी बारा वर्षांची असताना त्या आमच्या शाळेत आल्या होत्या. प्रत्येकीला दहा दाणे दिले. ओल्या फडक्यात ठेवा आणि किती उगवले ते मला पत्राने कळवा, म्हणाल्या. अर्ध्या वर्गाने दाणे हरवले, एकीने खाल्ले. मी कळवलं, दहापैकी दहा. खरं तर सातच उगवले होते, पण एवढ्या मोठ्या बाईंना सात कसं कळवायचं? त्यांचं उत्तर आलं: "दहापैकी दहा? माझे कधी आले नाहीत गं. पुन्हा करून बघ." ते कार्ड वाचून त्याच दिवशी ठरवलं, आपण हेच करायचं. बाईंसारखं व्हायचं.

आई विचारते, "चिडक्या आहेत का गं?" मी म्हटलं, त्यांनी चिडावं इतकी माझी पायरी तरी कुठे आहे.

९ जून

बाईंचा तक्ता म्हणजे काय, ते आज आईला समजावत होते. बी थंडीत ठेवलं की वर्षानुवर्षं झोपून राहतं, पण कायमचं नाही. मधे एकदा उठवून, पेरून, त्याच्यापासून नवं बी धरावं लागतं. कुठल्या धान्याला किती वर्षांनी उठवायचं, ते तक्ता सांगतो. उशीर झाला तर बी झोपेतच मरतं, आणि बाहेरून बघून काही कळत नाही.

"मग त्या स्वतः तेवढी वर्षं थांबल्या होत्या?" आईने विचारलं.

योगायोग असा, की सकाळी मीही हेच विचारलं होतं. बाई हसल्या. "कुठली थांबतेय! मी तेव्हा चाळिशीची. दाणे गरम पेटीत ठेवले, सहा आठवड्यांत म्हातारे केले आणि कागदावर रेघ पुढे ओढली, पंचवीस वर्षांपर्यंत. आता खरोखरची वीस वर्षं झालेली पाकिटं आत आहेत. कोणीतरी उघडून बघायला हवं. तू बघ."

केवढी नम्रता! ज्यांच्या तक्त्यावर जग चालतं, त्यांनी नवख्या मुलीला शिकायला काम हवं म्हणून असं सांगावं.

शीतखोलीचे काका मला आत घेऊन गेले. ते बारा महिने कानटोपी घालतात, घरीही घालत असावेत. त्यांनी काळ्या जवाचं पाकीट काढून दिलं. उंचावरच्या एका दरीतलं धान्य, आता तिथली मोजकी घरंच पेरतात. वीस वर्षं आणि दोन महिने. तक्ता म्हणतो, शंभरातले किमान पंचाऐंशी उगवायला हवेत.

२० जून

एक्केचाळीस.

चार बशा, प्रत्येकीत पंचवीस दाणे. सातव्या दिवशी मोजले. तीनदा मोजले. एक्केचाळीस. बाकीचे फुगून मऊ पडलेत.

नक्कीच माझं काहीतरी चुकलं. कागद फार ओला झाला असेल. कॉलेजात मी बशा भरताना हात थरथरायचा, तसंच काहीतरी.

२९ जून

दुसरी आणि तिसरी खेप एकदमच लावली. एकीत त्रेचाळीस, दुसरीत चाळीस. यावेळी पाणी मोजून घातलं, बशा ठेवायच्या पेटीची उष्णता दर दोन तासांनी पाहिली, सोबत बाजारातल्या साध्या जवाचे याच वर्षीचे ताजे दाणेही लावले. ताजे शंभरातले अठ्ठ्याण्णव उगवले.

म्हणजे हात माझा ठीक आहे.

दुपारभर त्या बशांसमोर बसून होते. मग नोंदवहीत लिहिलं, "बुरशी लागली. चाचणी बाद." दोन दाण्यांवर बुरशी होतीच. अगदी खोटं नाही.

३० जून

बाईंनी आज विचारलं, "काळ्या जवाचे किती उगवले?"

"बुरशी लागली, बाई. पुन्हा लावते."

"बुरशीच्या आधी किती होते?"

"नीट मोजता आले नाहीत."

त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. त्या सगळंच लिहितात. कोणाला किती वाजता भेटायचं, किल्ली कुठे ठेवली, अगदी पेटीचा दिवा बंद केला हेसुद्धा. याला म्हणतात शिस्त. मी पण आज तसलीच वही आणली.

११ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. बाकीची वीस पाकिटं तपासली. गहू तक्त्याप्रमाणे चोख, बाकीचीही थोडीफार इकडेतिकडे. एकटे काळे जव तेवढे अडून बसलेत.

आज काका ओट्याशी आले. ऑक्टोबरात कुठली पाकिटं पेरून नवी करायची, त्याची यादी त्यांना हवी होती. "काळे जव घालू का? पाकीट हलवलं की आवाज बरोबर येत नाही."

"आवाज?"

"तीस वर्षं पाकिटं हलवतोय पोरी. जिवंत दाणा वेगळा वाजतो."

मला हसू आलं. म्हटलं, "काका, तक्त्यात अजून पाच वर्षं आहेत."

"तक्त्यात आहेत, पाकिटाचं तू सांग. तू उघडलंस ना?"

मी म्हटलं, चाचणी बाद झाली होती. मग तक्त्याप्रमाणे जाऊ, म्हणाले आणि काळ्या जवावर रेघ मारून गेले. शेतात जागा थोडी असते, कोणाला तरी थांबावं लागतंच. पाच वर्षांत मी नीट, शांतपणे, पुराव्यासकट सगळं करीन. आत्ताच आलेली मुलगी बाईंच्या आयुष्यभराच्या कामावर बोट ठेवते, हे दिसायला तरी बरं दिसतं का?

२६ ऑगस्ट

बाईंनी परत विचारलं, पहिल्यांदाच विचारावं तसं. "काळ्या जवाचे किती उगवले गं?" चेहऱ्यावर काहीही नाही. याचा अर्थ त्यांना संशय आहे आणि त्या माझी परीक्षा बघतायत. मी म्हटलं, "चांगले आले, बाई."

"चांगले म्हणजे किती?"

"तक्त्याच्या जवळपास."

"अस्सं." त्यांनी वहीत लिहिलं. मग बराच वेळ पेन तसंच धरून बसल्या. "तुला खात्री आहे? माझी कुठे चूक असेल तर मला आत्ता कळलेली बरी. पुढच्या वर्षी कळून उपयोग नाही."

"तुमची कशी असेल चूक?" मी म्हटलं.

त्यांनी वही मिटली. दाराशी गेल्यावर त्यांनी मला माझ्या आधी इथे असलेल्या मुलीच्या नावाने हाक मारली आणि दिवा बंद करायला सांगितलं. दिवा लावलेलाच नव्हता. माझ्यावर नाराज झाल्या असाव्यात, म्हणून मुद्दाम.

१७ सप्टेंबर

संस्थेला पन्नास वर्षं झाली, त्याचा समारंभ. बाईंचा सत्कार. सभागृह खच्चून भरलेलं. संचालकसाहेब अर्धा तास बोलले, त्यातली वीस मिनिटं स्वतःबद्दल. मग बाई उठल्या. भाषण लिहून आणलं होतं, पण दुसऱ्या पानावर थांबल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला. सगळे वाट बघत होते. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "तक्ता मी केला तेव्हा माझ्याकडे वेळ नव्हता. आताही फारसा नाही. ती तिथे तिसऱ्या रांगेत बसलीय ना, ती मुलगी माझा तक्ता तपासतेय. काय निघालं ते तिनेच सांगावं. ये गं."

मी वर गेले. त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि शेजारी उभ्या राहिल्या, अगदी खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. "जे आहे ते सांग," हळूच म्हणाल्या.

समोर पाचशे माणसं. पहिल्या रांगेत आई, नवी साडी नेसून आलेली. मी म्हटलं, "तक्ता भक्कम आहे."

काय टाळ्या पडल्या! लोक उभे राहिले. आई रडत होती. बाई खुर्चीत जाऊन बसल्या आणि हातांकडे बघत राहिल्या. त्यांना भरून आलं होतं.

मी आयुष्यात कोणाला एवढं मोठं काही दिलं नव्हतं.

२ नोव्हेंबर

बाई येईनाशा झाल्यात. साहेब म्हणाले, थोडी विश्रांती. मी घरी फोन केला तर त्यांच्या भाचीने उचलला, मावशी झोपलीय म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते.

२३ फेब्रुवारी

काळ्या जवाची दरी पुरात वाहून गेली. शेतं गेली, घरांत राखून ठेवलेलं बियाणंही गेलं. तिथल्या लोकांनी कळवलंय, वीस वर्षांपूर्वी आमच्याकडचं बी तुम्ही नेलं होतंत, ते आता आम्हाला परत द्या. याच दिवसासाठी तर हा संग्रह असतो.

साहेबांनी तासाभरात मंजुरी दिली. काकांनी सगळी पाकिटं काढली, दोनशे दाणे तेवढे मागे ठेवून. मी ओट्याशी होते. पाकिटांवर शिक्के मारायचं काम माझ्याकडेच आलं. शिक्क्यावर "तपासलेले" असं लिहिलेलं असतं.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण काय सांगणार होते? आठ महिने मला माहीत होतं, असं? काका खोकं बांधत होते. मी दोरीवर बोट धरलं, त्यांनी गाठ मारली.

चाळीस तरी उगवतील, असं मनाला समजावलं.

१९ एप्रिल

पत्र आलं. दरीतल्या एका बाईने लिहिलंय, अक्षर मोठं आणि स्वच्छ. शेतात शंभरामागे दहासुद्धा वर आले नाहीत. जे आले ते पिवळे पडले. "हे बी माझ्या सासूबाईंनी तुमच्या माणसांच्या हातात दिलं होतं, तेव्हा मी शेजारी उभी होते. ते मेलेलं आहे हे तुम्हाला पाठवताना माहीत होतं का? आम्हाला माहीत असतं तर दुसरं काही पेरलं असतं. आता हंगाम गेला."

साहेबांनी उत्तर सांगितलं, मी टंकलं. "आमच्या प्रमाणित तक्त्यानुसार सदर बियाणे जिवंत होते. जमिनीतील ओलाव्यामुळे..."

माझ्या बोटांनी टंकलं हे सगळं. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून बसले.

२१ एप्रिल

साहेबांना सांगितलं. तिन्ही चाचण्यांचे आकडे समोर ठेवले. त्यांनी खुर्ची मागे सारली.

"जूनमध्ये? मागच्या जूनमध्ये?"

"हो."

"आणि समारंभात तू..."

"हो."

मला वाटलं, काढून टाकतील. म्हणाले, "तो तक्ता सत्तर देशांत वापरतात. मी एकट्या तुझ्या शब्दावर काय लिहू? बाईंकडे जा. त्यांची सही आण, मग बघू."

काकांना मीच सांगितलं. त्यांनी कानटोपी काढली. तिच्याशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं. "मी विचारलं होतं तुला," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२३ एप्रिल

बाईंच्या घरी गेले. दार भाचीने उघडलं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फडताळावर चिठ्ठ्या: साखर, मीठ, गॅस बंद केला का? मी चिठ्ठ्यांकडे बघतेय हे तिने पाहिलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं? दोन वर्षं होतील आता. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हळूहळू सगळं पुसत जाणार. मावशी रडली नाही की काही नाही. म्हणाली, एक काम राहिलंय, ते डोकं जाग्यावर आहे तोवर उरकते. कोणीतरी हुशार मुलगी नेमते, ती तक्ता तपासेल, चुकला असेल तर मी माझ्या सहीने दुरुस्त करीन. दुसऱ्या कोणी केला तर लोक मानणार नाहीत, वीस वर्षं भांडत बसतील, म्हणायची." ती थांबली. "त्या समारंभानंतर घरी आली तेव्हा म्हणाली, बरं झालं, चूक नाही. पण खूश दिसली नाही. मला कळलंच नाही का ते."

मी तिच्या मागोमाग बाहेर गेले.

बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. मला ओळखलं. मी सगळं सांगितलं: एक्केचाळीस, त्रेचाळीस, चाळीस, दरी, पत्र. त्यांनी वही उघडली. मग म्हणाल्या, "ताजे दाणे सोबत लावले होतेस?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग तू बरोबर आहेस. रेघ खाली वळते. जव गरम पेटीत एक वागतो आणि थंडीत दुसरं. हे मला सुचायला हवं होतं." वहीत त्यांनी भराभर लिहिलं, दोन ओळींखाली रेघा मारल्या. "उद्या मसुदा आण. सही करते. लवकर आण हं."

घरी येऊन जेवलेही नाही, थेट लिहायलाच बसले.

२४ एप्रिल

सकाळी नऊला मसुदा घेऊन गेले. बाई त्याच खुर्चीत होत्या. मला म्हणाल्या, "या. कोणाकडे आलात?"

मी परत सगळं सांगितलं. या वेळी त्या घाबरल्या. "माझ्यामुळे लोकांची शेतं गेली?" असं तीन-चारदा म्हणाल्या. भाचीने त्यांना आत नेलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "ताई, रागावू नका, पण परत सांगू नका. दर वेळी तिला ते नव्यानेच कळणार."

वहीत कालचं पान होतं. ते वाचून त्यांना काही आठवलं नाही.

सहीसाठी मी पुन्हा जाणार नाही. डॉक्टरांचं म्हणणं, आता त्यांची सही चालणारही नाही.

७ जुलै

मागे ठेवलेल्या दोनशे दाण्यांपैकी काकांनी आणि मी मिळून एकोणसाठ रोपं जगवली. कुंडीत एकेक, लेकरासारखी. काका बोलत नाहीत, पण पाणी घालायची पाळी माझी असेल तेव्हा झारी भरून ठेवतात. नवं बी धरलं की दरीत पाठवायचं. त्या पत्रवाल्या बाईंना मी खरं काय ते लिहिलंय. उत्तर आलेलं नाही. यावं अशी अपेक्षाही नाही.

२८ ऑगस्ट

लेख पाठवला. खाली एकटीचं नाव. साहेबांनी शेवटपर्यंत अडवलं, मग म्हणाले, जबाबदारी तुझी.

१५ जानेवारी

छापून आला. बाईंनी भाकीत केलं होतं तसंच झालंय. दोन मोठ्या संस्थांनी लिहिलंय, अपुऱ्या पुराव्यावर जुना तक्ता बदलता येणार नाही. एकाने तर असं लिहिलं, की आजारी ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या पाठीमागे हे करणं अशोभनीय आहे. जेवणाच्या खोलीत मी गेले की टेबलावरचं बोलणं थांबतं. बाईंनाच हे हवं होतं, असं सांगून उपयोग नाही. समारंभाच्या चित्रफितीत माझंच "तक्ता भक्कम आहे" आहे, आणि शेजारी बाई उभ्या आहेत.

तोवर किती कोठारांत जव झोपेतच मरत असतील, ते मोजायला कोणी बसलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

भाचीचा फोन आला, "मावशी बरी आहे आज, भेटून जा." गेले. सोबत अंक होता, का घेतला कोणास ठाऊक. दाखवायचा नव्हता. पण पिशवीतून डोकावत होता आणि बाईंनी हात पुढे केला. छापील कागद दिसला की त्यांचा हात अजून आपोआप पुढे येतो.

चष्मा लावला, पेन्सिल मागितली आणि वाचायला लागल्या. अर्धा तास तरी गेला. मधे एका स्वल्पविरामाला त्यांनी गोल केला. तक्त्याचा उल्लेख आला तिथे थांबल्या. "हा माझा की काय? हो, माझाच." आणि चक्क हसल्या. "सरळ रेघ ओढून मोकळी झाले होते मी. बरं पकडलं."

राग नाही, धक्का नाही. पावणेदोन वर्षं मी ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं.

शेवटच्या पानावर आल्या. "काम नीट आहे. हुशार आहे मुलगी." मग पेन्सिल खालच्या बारीक अक्षरांवर फिरली आणि थांबली. "पण हे काय? चाचणी संपली जूनमध्ये. लेख पाठवलाय पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. चौदा महिने? आजारी होती का ही?"

"नाही, बाई."

"मग एवढे दिवस काय करत होती?"

भाची माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "घाबरली होती."

"कोणाला?"

"तुम्हाला."

"मला?" बाईंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "अगंबाई. मी काय केलं होतं तिला?"

मी सांगितलं, काहीच नाही. तीन वेळा विचारलं होतं फक्त.